टोमॅटोचे नाक

आमच्या घरात माझ्या शब्दाला फारशी किंमत नाही, हे मी लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीपासून जाणून आहे. त्याबद्दल माझी तक्रारही नाही. परंतु माझ्या शब्दाविरुद्ध एक दिवस टोमॅटो साक्ष देतील, आणि ती साक्ष घरात मान्यही होईल, असे मात्र मला स्वप्नातसुद्धा वाटले नव्हते.

आम्ही चारकोपला राहतो. कांदिवली स्टेशनाच्या पश्चिमेला खाडीच्या दिशेने निघाले की वाटेत सेक्टर लागतात. त्यांतल्या एका सेक्टरात, एका चौकाभोवती दाटीवाटीने उभ्या असलेल्या तीस-पस्तीस घरांपैकी एक घर आमचे. 1985 साली मुंबई नागरी विकास प्रकल्प सुरू झाला, त्यातून ही वसाहत निघाली. योजना अशी की, सरकारने जमिनीचे तुकडे आखून द्यायचे, रस्ते-गटारे-नळ द्यायचे आणि घर ज्याचे त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे बांधायचे. जागतिक बँकेचे कर्ज, म्हाडाची आखणी आणि माझ्या मेव्हण्याची उधारी अशा तिघांच्या संगनमताने आमचे घर उभे राहिले. तुकडा पंचवीस चौरस मीटरांचा. गिरगावच्या चाळीतल्या एका खोलीतून आलेल्या माणसाला तो पहिल्या दिवशी आझाद मैदानासारखा वाटला होता. पुढे मुले झाली, कपाटे झाली, वर एक मजला झाला, आणि मैदानाचे पुन्हा चाळीतली खोली कधी झाली ते कळलेसुद्धा नाही.

जमीन म्हणून आमच्या वाट्याला जे काही उरले, ते गच्चीवर. तिथे जायला लोखंडी जिना आहे. तो इतका उभा आहे की चढणाऱ्याला देव आठवतो आणि उतरणाऱ्याला विमा. या गच्चीवर रंगाच्या रिकाम्या बादल्यांतून आमच्या कुटुंबाची शेती चालते. बादल्या नऊ. बुडाला भोके पाडलेली, एकावर अजून रंगाच्या कंपनीचा हसरा मुलगा. ही नारायणगावजवळच्या एका वाडीतली. शेतकऱ्याची मुलगी. चाळीस वर्षे मुंबईत काढूनही तिच्या हातांना माती लागल्याशिवाय चैन पडत नाही. मिरच्या, आळू, कढीलिंब हे बारमाही. पण तिचा खरा जीव टोमॅटोवर. दसऱ्याच्या सुमाराला ती रोप लावते, आणि संक्रांतीपासून आमच्याकडे घरचे टोमॅटो सुरू होतात.

हे टोमॅटो सुबक असतात असे कुणी म्हणणार नाही. बी तिच्या माहेरचे, गावठी. नारायणगावचा टोमॅटोचा बाजार मोठा आहे, तिथून वीस-वीस किलोंची क्रेटे भरून माल मुंबईला येतो, तो सगळा संकरित. परंतु माझ्या सासूबाई घरच्या आमटीसाठी म्हणून बांधावर चार झाडे जुन्या वाणाची राखीत असत. चपटी फळे, देठापासून खाली पाकळ्या पाडलेली, भोपळ्याच्या नातवंडांसारखी. आंबट म्हणजे किती आंबट! एक टोमॅटो टाकला की चिंचेने आमटीकडे फिरकू नये.

2023 सालच्या जानेवारीत हिच्या पोटात दुखू लागले. पहिले पंधरा दिवस तिने ते ओव्यावर काढले. मग लेक मुलुंडहून आली, आईला धरून डॉक्टरकडे घेऊन गेली, आणि सोनोग्राफीत गाठ दिसली. डॉक्टर भले गृहस्थ होते. म्हणाले, "काढून टाकू आणि तपासायला पाठवू. आत्ताच काही बोलण्यात अर्थ नाही." या वाक्याचा अर्थ मी पुढे तीन आठवडे लावीत बसलो.

शस्त्रक्रिया ठरली 9 फेब्रुवारीची, मुलुंडच्याच एका इस्पितळात. नंतर लेकीकडेच राहायचे, कारण तिच्या इमारतीला लिफ्ट आणि आमच्या घराला तो जिना. निघायच्या आदल्या संध्याकाळी ही एवढे पोट धरून गच्चीवर चढली. मीही मागोमाग गेलो. तिने मला एकेक बादली दाखवली. "हा बघा, लिंबाएवढा झालाय. हे दोन आत्ताच धरलेत. रोज सकाळी पाणी. एक तांब्या, जास्त नाही. विसरलात तर दुसऱ्या दिवशी दोन घालून भरपाई करायची नाही."

"अगं, हे काय बँकेचं खातं आहे?" मी म्हणालो.

"तेच सांगतेय. नाहीये."

मी मान हलवली. माझे लक्ष टोमॅटोकडे नव्हते. तिचेही नसावे. पण ती लिंबाएवढ्या टोमॅटोवर बराच वेळ हात ठेवून उभी होती.

त्यानंतरच्या दिवसांचे वर्णन काय करावे? मी एक दिवसाआड मुलुंडला जाऊ लागलो. त्याच जानेवारीत आमच्या बाजूची मेट्रो थेट अंधेरीपर्यंत धावू लागली होती आणि साऱ्या चारकोपला तिचे कोण कौतुक! मला मात्र जायचे होते उलट्या बाजूच्या उपनगरात. कांदिवलीहून दादर, पूल ओलांडून मध्य रेल्वे, मग मुलुंड. मुंबईत शेजारच्या उपनगरात जायला अर्धी मुंबई उतरून पुन्हा चढावी लागते. कधी रात्री इस्पितळातच राहिलो. घरी आलो की कधी पाणी गेलेले असे, कधी आलेले असून भरायचे त्राण नसे. कधी मध्यरात्री आठवण होई, मग मोबाइलच्या उजेडात तांब्या घेऊन जिना चढायचा आणि सगळ्या बादल्यांना मागची थकबाकी चुकती करायची.

आणि रोज फोनवर एकच संवाद.

"पाणी घातलंत?"

"घातलं."

"जेवलात?"

"जेवलो."

"झोप लागते का नीट?"

"अगदी गाढ. तू माझी काळजी करू नकोस."

यातले एकही उत्तर खरे नव्हते, हे वाचकांना सांगायला नकोच.

झोपेचे तर विचारूच नका. गाठ या विषयावर मोबाइलवर काही वाचायचे नाही, अशी लेकीने मला शपथ घातली होती. ती मी पाळली. परंतु रात्री दोन वाजता जागा असलेला माणूस काहीतरी वाचणारच. मी टोमॅटोविषयी वाचू लागलो. त्याला निमित्तही तसेच झाले. गच्चीवरची फळे बिघडू लागली होती. एकाच्या बुडाला काळा, चामड्यासारखा डाग पडला. दुसऱ्याच्या अंगावर देठापासून खालपर्यंत टाका घातल्यासारखा उभा व्रण. तिसरी तर दोन फळे एकमेकांना चिकटून जन्मलेली, पाठ एक आणि पोटे दोन. शेजारच्या काकूंनी गच्चीच्या कठड्यावरून पाहून निदान केले, "चुना कमी पडलाय हो." मी जन्मात पान खाल्लेले नाही, पण त्या दिवशी पानपट्टीवर जाऊन चुन्याच्या चार ट्यूबा आणल्या आणि बादल्यांत पिळल्या. पानवाल्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मी अजून विसरलेलो नाही.

वाचल्यावर कळले की काकूंचे निदान अर्धे बरोबर होते. काळा डाग चुन्याच्याच कमतरतेने पडतो. पण मातीत चुना असूनही पडतो. कारण चुना फळापर्यंत पोहोचतो तो पाण्याबरोबर, आणि पाणी कधी आहे कधी नाही असे झाले की फळ वाढीच्या ऐन दिवसांत उपाशी राहते. टाक्यासारखा व्रण पडतो तो फूल असतानाच. फुलातला एखादा पुंकेसर कोवळ्या फळाला चिकटून बसतो आणि फळ वाढताना त्याची रेघ ओढली जाते. इंग्रज माळी त्याला 'झिप' म्हणतात. जुळी फळे होतात ती दोन फुले एकात एक मिसळल्याने. थंडीत कळ्या गारठल्या तर फळाच्या बुडाला असे काही खड्डे आणि सुरकुत्या पडतात की त्याला 'मांजराचे तोंड' हे नाव आहे. हे सारे टोमॅटो खायला चांगले असतात, काळा भाग कापून टाकला की झाले. मला त्या रात्री सर्वांत नवल वाटले ते याचे की, फळाचा घाट फूल उमलण्याच्या आधी, कळी मोहरीएवढी असतानाच बराचसा ठरून जातो. आज दिसणारी खोड काही आठवड्यांपूर्वीच्या एखाद्या दिवसाची असते.

एकदा वाचायला लागलो तो मग थेट सोळाव्या शतकात जाऊन पोहोचलो. रानटी टोमॅटो बोराएवढा, आत दोनच कप्पे. माणसाने मोठे फळ हवे म्हणून वर्षानुवर्षे जास्त कप्प्यांची झाडे निवडली, आणि कप्पे वाढले तशा अंगावर पाकळ्या पडल्या. मेक्सिकोकडून तो स्पेनमार्गे युरोपात गेला. इटलीतल्या मात्तिओली नावाच्या वैद्याने 1544 साली त्याचे वर्णन लिहिले, तेही चपट्या आणि फाका पडलेल्या फळाचे. म्हणजे सासूबाईंचा टोमॅटो घराण्याने थोर! गोल गुळगुळीत टोमॅटो हाच खरा नवा माणूस. आपल्याकडे संकरित टोमॅटोचे पहिले बियाणे 1973 साली बंगळूरच्या एका कंपनीने बाजारात आणले. त्यानंतर क्रेटात नीट बसेल, दूर जाईल, एकासारखा एक दिसेल अशा फळाचे दिवस आले. शेतकऱ्याचा त्यात दोष नाही. वाकडा माल व्यापारी बाजूला काढतो आणि आपण गिऱ्हाइके तर एकेक टोमॅटो असा फिरवून पाहतो, जणू मुलगीच बघायला आलो आहोत. युरोपात फळांच्या आकाराचे कायदे होते. 2009 साली त्यांतून सव्वीस जिनसा मोकळ्या केल्या, वाकड्या काकडीलासुद्धा माफी मिळाली. पण टोमॅटो त्या दहा जिनसांत राहिला ज्यांना माफी नाही. रात्री अडीच वाजता हे वाचून मला टोमॅटोबद्दल फार वाईट वाटले. माणसाची अवस्था तशी असली की त्याला कशाबद्दलही वाईट वाटते.

शस्त्रक्रिया पार पडली. गाठ तपासायला गेली. आठवड्याने हिला लेकीच्या घरी आणले. उशीला टेकून बसल्यावर तिचे पहिले वाक्य, "पुढच्या खेपेला टोमॅटो आणा. आता पिकले असतील."

पिकले होते. म्हणजे जे पिकले होते ते कुणाला दाखवण्यासारखे नव्हते. मी ते एका परातीत काढले आणि त्यांच्याकडे पाहत बसलो. डाग, टाके, जुळी. आजारी माणसापुढे हे कसे न्यायचे? अशा वेळी मन नको ते शकुन पाहते. तिला काय वाटेल यापेक्षा मला काय वाटत होते, हेच खरे कारण होते. मी ती परात तांदळाच्या डब्यामागे सरकवून दिली, आणि मुलुंडला जाताना कांदिवली स्टेशनाबाहेरच्या भाजीवाल्याकडून अर्धा किलो टोमॅटो घेतले. गोल, गुळगुळीत, सगळे एका मापाचे. पिशवीतून काढून मी ते तिच्या हातात ठेवले.

"घरचे," मी म्हणालो.

तिने एक उचलला, देठाकडून वास घेतला. माझ्याकडे पाहिले. मग म्हणाली, "छान झालेत."

लेकीने त्याची कोशिंबीर केली. ही दोन घास जास्त जेवली. मी मनात म्हटले, जमले!

रिपोर्ट 20 फेब्रुवारीला आला. सोमवार होता. लेकीचा फोन दुपारी आला तेव्हा मी घरी होतो. ती रडत होती, म्हणून माझे हातपायच गळाले; मग कळले की ती आनंदाने रडते आहे. गाठ साधी होती. पुढे काही करायचे नव्हते. मी "बरं, बरं" असे काहीतरी म्हणालो आणि फोन ठेवला. त्यानंतर काय करावे ते मला सुचेना. चहा ठेवला, तो उतू गेला. देवापुढे उभा राहिलो, शब्द सुचेना. शेवटी तांब्या घेतला आणि गच्चीवर गेलो. तीन दिवस बादल्यांना पाण्याचा थेंब नव्हता, माती कडेने सुटली होती. मी पाणी घातले. खाली आलो, पुन्हा भरले, पुन्हा वर गेलो. किती खेपा केल्या कोण जाणे. बादल्यांच्या भोकांतून पाणी वाहून गच्चीभर झाले, पन्हाळीतून खाली चौकात पडू लागले, आणि खालून कुणीतरी ओरडले, "अहो, टाकी भरून वाहतेय का?"

ही घरी परतली ती गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी, 21 मार्चला. जिना चढायचा नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. तिने चहा घेतला, कपाटे उघडून पाहिली, मला चार प्रश्न विचारले, आणि मी वाण्याकडे गेलो असताना जिना चढली. परत येऊन पाहतो तो ही गच्चीवर, बादल्यांच्या मधोमध पाट टाकून बसलेली. मांडीवर ती परात. तांदळाच्या डब्यामागची!

परातीतले बरेचसे सुकून गेले होते. पण झाडांवर अजून फळे होती. ती एकेका फळाला हात लावून, पालथे-उताणे करून पाहत होती. वैद्य नाडी पाहतो तशी. मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबलो.

"हे आठ-दहा दिवस मधून मधून कोरडं गेलंय," काळा डाग दाखवून ती म्हणाली. "मी इस्पितळात होते तेव्हा. हो ना?"

"असेल."

"रोज घातलं म्हणत होतात."

मी गप्प राहिलो.

"आणि हा बघा. हा मी गेले तेव्हा लिंबाएवढा होता." तो आता मुठीएवढा, लाल झाला होता, पिकून मऊ पडला तरी देठाला धरून होता. देठापासून चारी बाजूंना त्याला चिरा गेल्या होत्या. चिरा जुन्या होत्या, भरून येऊन तपकिरी झाल्या होत्या. "हा हिरवा असताना फुटलाय. आधी कडक कोरडं, मग एका दिवशी भरमसाट पाणी. एक तांब्या नाही, दहा घातलेत तुम्ही." ती क्षणभर थांबली. मनात दिवस मोजत असावी. "रिपोर्ट आला त्या दिवशी का?"

मी काय बोलणार? मी खाली बघितले. तीन आठवडे मी हिला फोनवर सांगत होतो की मी गाढ झोपतो, दोन वेळा जेवतो आणि मला मुळीच काळजी वाटत नाही. चाळीस वर्षांच्या संसारात मी जे कधी तोंडाने बोललो नाही, ते या बिनअकलेच्या फळांनी अंगावर लिहून ठेवले होते.

"आणि ते मुलुंडला आणलेले?" मी विचारले.

"ते? त्यांना वासच नव्हता. आपल्या टोमॅटोच्या खांद्यावर पिकल्यावरसुद्धा जरा हिरवं राहतं. ते पार बुडापासून डोक्यापर्यंत लाल." 

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

"तुम्ही एवढे लांबून घेऊन आला होतात."

हिरव्या खांद्याचे तिचे म्हणणे खरेच आहे, हे मी मागाहून वाचले. फळ सगळीकडे सारखे लाल व्हावे म्हणून वाण निवडताना, ज्यातून फळात साखर तयार होते तो हिरवा अंशच कमी झाला, असे अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी 2012 साली दाखवून दिले. मी तिला ते वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, "त्यात शोधायचं काय होतं?"

त्याच संध्याकाळी शेवटच्या बादलीत तिला ते नाक सापडले. बोराएवढा हिरवा टोमॅटो, आणि त्याला बाजूने फुटलेले सरळ, टोकदार नाक. मी सोनारासारखी बोटे करून चाचपून पाहिले. खरेच नाक! कळी धरताना फार उष्णता पडली की कधी कधी फळाला एक कप्पा जादा होतो आणि तो आत न मावता बाहेर येतो. त्या वर्षीचा फेब्रुवारी होताही तसाच. देशभरातले दिवसाचे सरासरी तापमान पाहता, 1901 पासून इतका तापलेला फेब्रुवारी झाला नव्हता, असे हवामान खात्याने जाहीर केले होते. मला मात्र तेव्हा उकडल्याचे आठवत नाही.

"कोणासारखं आहे हो?" ती नाक बघत म्हणाली.

"तुझ्या भावासारखं."

ती हसली, आणि लगेच पोटाला हात लावून "हसवू नका" म्हणाली.

पाडव्याला परातीतल्या आणि झाडावरच्या सगळ्या वेड्याविद्र्या टोमॅटोंचे सार झाले. डाग कापून, चिरा काढून जे उरले ते दोन वाट्या भरले. नाकवाला मात्र तिने झाडावरच ठेवला. तो एप्रिलच्या अखेरीस पिकला. तिने तो चिरून बी काढले, राखेत घोळवून वाळवले, आणि जुन्या लग्नपत्रिकेच्या पाकिटात भरून वर लिहिले, 'फेब्रुवारी. नाक.' मी तिला समजावून सांगितले की हे नाक उष्णतेने आलेले आहे, बियातून येणार नाही. ती म्हणाली, "मला ठाऊक आहे. पण टाकवत नाही."

जुलैत बाजारात टोमॅटो किलोला दीडशे रुपयांच्या पुढे गेला. सारी मुंबई हळहळत होती. आमच्या गच्चीवर तेव्हा पावसाने आडवी झालेली चार काटकुळी झाडे होती. शेजारच्या काकूंनी कठड्यावरून विचारले, "एखादा असेल का हो? कसलाही चालेल." नव्हता. आम्हीही आमटीत आमसूल घालून दिवस काढले.

दसऱ्याला तिने ते पाकीट बाहेर काढले. नऊ बादल्यांची माती मी उकरली, शेणखत मी मिसळले, बी तिने पेरले. मग मातीचे हात कमरेवर ठेवून म्हणाली, "यंदा पाणी तुम्हीच घाला."

"मी? मागच्या वर्षीचं पाहिलंस ना?"

"म्हणून तर. मी इथे पाटावर बसून बघेन." आणि तांब्या माझ्या हातात देत पुढे म्हणाली, "सकाळी सातला. एकच. आणि काही आनंदाची बातमी आली तर आधी मला येऊन सांगा, मग वर जा."